काट्यावरचं शून्य

आशालताचा हट्ट मला आधी अजिबात आवडला नव्हता, हे कबूल करतो. वसई पूर्वेच्या आमच्या कारखान्यात नायट्रोजन-ऑक्सिजनच्या बाटल्या भरतात. सिलिंडर म्हणतात ते साहेबलोक, आम्ही बाटलीच म्हणतो. मी स्टोअर सांभाळतो. ती चांदीप गावाहून येते आणि तेरा वर्षं बाटल्या भरते आहे. सुपरवायझर व्हायचं तर कारखान्याची लेखी परीक्षा पास व्हावी लागते, आणि संधी तीनच. दोनदा आपटली तेव्हा मी म्हणालो, "कशाला नसत्या फंदात पडतेस?" तर म्हणते कशी, "सुधाकरभाऊ, तुम्ही नटबोल्ट मोजा." दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

पहिल्यांदा तिला आमच्या सगळ्यांच्या सवयीने बुडवलं. दाबाचा काटा शून्यावर आला की आम्ही बाटलीवर खडूने 'रिकामी' लिहितो. तिने गणितातही शून्य म्हणजे काहीच नाही असं धरलं. घरी तिची मुलगी आर्या, अकरावीची पोर, तिला म्हणाली, "आई, पंक्चर झालेल्या टायरात बाहेरची हवा असतेच की. काटा फक्त त्याच्या वरचं दाखवतो." म्हणजे काट्याच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा एक किलो दाब (दाब आम्ही किलोतच मोजतो) मिळवायचा, तापमानात दोनशे त्र्याहत्तर, आणि मगच गणित मांडायचं. हे तिने इतकं घोकलं की भाकरी मोडता मोडता मलाही शिकवायची. डोकं उठवलं माझं. तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा नापास. पेपर दाखवा म्हणायची तेव्हा तिची हिंमत झाली नाही.

यंदा तिसरी, शेवटची खेप. पास व्हायला पस्तीस हवे होते, मिळाले चौतीस. मला खरंच वाईट वाटलं. ती मात्र पेपर बघायला तडक इंजिनिअर ग्लेनसरांच्या केबिनमध्ये गेली, पेपर तेच तपासतात, आणि साक्षीला मला ओढत नेलं.

पेपरात प्रश्न असा होता: बंद बाटलीचा काटा दोन किलो, तापमान सत्तावीस. ते सत्तावन्न केलं तर काटा किती दाखवेल? आशालताने लिहिलं होतं दोन पॉइंट तीन. त्यावर लाल फुली. उत्तर होतं म्हणे दोन पॉइंट दोन.

"दोन गुणिले तीनशे तीस, भागिले तीनशे," ग्लेनसर म्हणाले. "साधं आहे, ताई."

"सर, बाहेरचा किलो मिळवला नाहीत तुम्ही. दोन नाही, तीन धरा. त्याचे होतात तीन पॉइंट तीन. मग काटा वाचताना तो किलो वजा करा."

"निकाल लागलाय, ताई."

"मग पाणी तापवा. काटा काय सांगतो ते बघू."

मी मनात म्हटलं, संपली हिची नोकरी. पण ग्लेनसर भला माणूस. नायट्रोजनची छोटी बाटली आणली, बारीक आकड्यांचा काटा बसवला, सत्तावीसला दोन किलो भरून घेतली आणि गरम पाण्याच्या टबात बुडवली. पाणी सत्तावन्नवर धरून आम्ही अर्धा तास उभे होतो. काटा दोन पॉइंट दोनवर आला तेव्हा मी तिला 'चल' म्हणून खूण केली. आशालता जागची हलली नाही. काटा सावकाश पुढे सरकला आणि दोन पॉइंट तीनच्या रेघेवर थांबला. पुढची दहा मिनिटं तिथेच होता.

"चूक माझी आहे," ग्लेनसर म्हणाले. केबिनमध्ये परत येऊन त्यांनी चौतीस खोडून पस्तीस केले आणि खाली सही केली.

मी हात जोडले, देवाला की तिला, माहीत नाही. ती खुर्चीवरून उठेना.

"गेल्या वर्षीही हाच प्रश्न होता, सर. तेव्हाही मी दोन पॉइंट तीनच लिहिलं होतं."

ग्लेनसर उठले. कपाटातून त्यांनी तिचा जुना पेपर काढला. त्यावरही चौतीस होते.

"वर्षभर वाटत होतं, आपल्याला डोकंच नाही," ती म्हणाली. "उत्तरं कधीपासून हीच आहेत?"

"चार वर्षं."

"मग चारही वर्षांचे गठ्ठे काढा."

मी स्टोअरला कुलूप लावून तिच्याबरोबर बसलो. तिसऱ्या गठ्ठ्यात रामचंद्रचा पेपर निघाला. परीक्षेत हरला म्हणून आम्ही त्याला चिडवायचो, मी सगळ्यात जास्त. शेवटी नोकरी सोडून गेला. त्याच्या पेपरात दोन पॉइंट तीनवर लाल फुली होती, आणि गुण चौतीस.

फोन आशालतानेच लावला. "रामचंद्रदादा," ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं."