मागून येणारा

"थांबा. मागून कुणीतरी येतंय."

हे म्हणताना आमचे विज्ञानाचे गुरुजी तर्जनी वर करीत आणि मान किंचित कलती ठेवीत. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सांभाळीत. मी गणित शिकवीत असे. घंटा झाल्यावरही त्यांच्या वर्गाचे दार उघडेच राही. हेडमास्तरांनी जाब विचारला, तेव्हा म्हणाले, "उशिरा येणारा गैरहजर नसतो, साहेब."

एकदा तरीवर त्यांनी असेच बोट वर केले. होडीवाला वैतागला. "गुर्जी, भरती काय तुमची वाट बघत ऱ्हाणाराय?" तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी वळणावरून धापा टाकीत आली. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापायी आपला खोळंबा होतो आणि मागाहून आपल्यालाच ओशाळे वाटते.

युरेनियमचा गाभा दुभंगतो आणि न्यूट्रॉन नावाचे कण सुटतात, ही बातमी विलायती मासिकातून आली, तेव्हा ते आठवडाभर नीट जेवले नाहीत. "सगळे एकदमच सुटतात?" ते मला विचारीत. "तुकडे आधी बीटा-कण टाकतील. त्यानंतर एखादा न्यूट्रॉन मागून येत असेल, मास्तर."

मुंबईच्या एका इस्पितळातून त्यांनी रेडियमची सुई दोन महिन्यांच्या बोलीवर मिळवली. परसातल्या न्हाणीघरात, मेणाने भरलेल्या पिंपात, बेरिलियमच्या भुकटीत ती सुई आणि शेजारी युरेनियमच्या क्षाराची बाटली. कण मोजणारी नळी त्यांनी स्वतः घडवली होती. सुईजवळ ती नुसती बडबडली असती, म्हणून ती पुढच्या ओटीवर. सुईच्या माऱ्याने बाटलीतले गाभे दुभंगले की ती काढायची आणि धावत नळीशी आणायची. त्यांचा एक पाय अधू; म्हणून धावणारा मी. ते कानांना इअरफोन लावून, डोळे मिटून बसत. आणायला किती सेकंद लागले, ते वहीत मी लिहायचे.

बाटली घेऊन धावताना वाटेत परसदारी त्यांची आई तांब्या घेऊन उभी असे. खारव्याच्या, दर्यावर्दी माणसाच्या घरी वरच्या जातीचा मास्तर येतो, याचे तिला अप्रूप होते.

"पाय धुवा मास्तर, मगच आत."

ती सावकाश दोन्ही पायांवर पाणी घाली, मग पंचा देई. नाही म्हटले असते, तर या घरचे पाणी मला चालत नाही, असे तिला वाटले असते. हे कारण खरे आहे. पण वहीत मी प्रत्येक वेळी 'दहा सेकंद' लिहीत होतो, ते कशासाठी? पाण्याचे सांगितले असते, तर त्यांनी हसून आईला बाजूला केले असते. मला त्यांच्यापुढे ढिला दिसायचे नव्हते, एवढेच. इतक्याने काय होते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नळी वाजली नाही.

"दहा सेकंदांत आणता, तरी कुणी नाही," शेवटच्या दिवशी ते म्हणाले. "आणायला वेळ तर लागत नाही ना, मास्तर?"

"वहीत आहे तेच."

"तुम्ही लिहिलंत म्हणजे झालं."

सुई परत गेली. कलकत्त्याच्या आपल्या प्राध्यापकांना त्यांनी कळवले की मागून कुणी येत नाही. त्यानंतर ते बोट वर झालेले मी पाहिले नाही. घंटेसरशी वर्गाचे दार लागू लागले. पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने ते गेले.

पावसानंतर बोटीने मासिकांचा तुंबलेला गठ्ठा आला. शिक्षकांच्या खोलीत मी उभ्यानेच वाचले: न्यूट्रॉन मागून येतात. परदेशात ते मोजले गेले होते. बहुतेक सारे पहिल्या मिनिटातच संपतात.

तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.  ते पहिले मिनिट मी पायांवर ओतून घेतले होते. त्यांच्या नळीला तेवढे कण ऐकू आले असते की नाही, कोण जाणे. ते कळण्याची वाटच मी बुजवली, आणि वर त्यांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास काढून घेतला.

मासिक घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. परसदारी तीच माउली, तोच तांब्या.

"या मास्तर. मास्तरांनी लिवलानी म्हणजे झाला, असा बोलायचा तो. पाय धुवा."

सांगण्यासाठी मी तोंड उघडले. पाणी पडू लागले आणि मी मनात मोजू लागलो. तिने पंचा पुढे केला, तेव्हा चोपन्न सेकंद झाले होते.