आमच्या वाट्याला कागदी प्लेटा

“आजोबा, आम्ही जेवून आलो. मम्मीनं सांगितलं, यांच्याकडे फक्त पाकिटातलंच खायचं.”

पोट्टा नऊ-दहा वर्षांचा. नवा शर्ट, केसांना जेल, हातात गिफ्टचा डबा. हळू आवाजात बोलला नाही. टोमणाही मारला नाही. घरून निघताना आईनं दारात चपला काढायला सांगितल्या असतील, तसंच हेही सांगितलं असेल. त्यानं कविता म्हणावी तसं म्हणून टाकलं आणि फुग्यांकडे पळाला.

मी परात धरून तसाच उभा. परातीत सांबारवड्या. कढईतून आत्ताच काढलेल्या.

माझ्या नातीचा, तन्वीचा, आठवा वाढदिवस होता. जानेवारीचे दिवस, बाजारात सांबार हिरवागार. तुम्ही शिकलेले लोक त्याला कोथिंबीर म्हणता. सकाळीच जाऊन जुड्या आणल्या. निवडल्या, धुतल्या, फडक्यावर पसरून पंख्याखाली सुकवल्या. खोबरं भाजलं, खसखस भाजली. तिखट भिवापुरी मिरचीचं, पण लेकरं खाणार म्हणून हात आखडता घेतला. बायको होती तोवर हे सगळं ती करायची. ती गेल्यावर मी शिकलो. तन्वीनं शाळेच्या व्हॅनमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझे आबाजी सांबारवडी करणार आहेत म्हणून.

घरभर लेकरं. सगळी आमच्याच फ्लॅट स्कीममधली. मी एकेकापुढे परात नेली. “जेवून आलो.” “पोट भरलंय.” “नको.” एक लेकरू पार लहान, चारेक वर्षांचं. त्याच्या डोक्यात अजून काही भरलेलं नव्हतं. त्यानं वडी उचलली. त्याच्या बहिणीनं हातावर चापट मारली. वडी खाली पडली.

“सांगितलं ना मम्मीनं! यांचं नाही खायचं!”

यांचं.

मग सुनबाई आतून आली. हातात मोठी थैली. वेफरचे पुडे, ज्यूसचे डबे, बिस्किटं. सगळं बंद, कंपनीचा शिक्का मारलेलं. पोट्टे तुटून पडले. जेवून आलेली पोटं पाहता पाहता रिकामी झाली. केकही खाल्ला. बेकरीतला होता ना.

थैली आधीच आणून ठेवली होती. म्हणजे सुनबाईला माहीत होतं. माझ्या लेकालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला आणि तन्वीला.

तन्वी सगळं पाहत होती. माझ्याजवळ आली, परातीला हात लावला आणि हळूच म्हणाली, “आबाजी, हे आत ठेवा ना. मला पण पाकीटच पाहिजे.”

मी जिंदगीभर हमाली केली. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. पोत्यांची थप्पी कोसळून बरगडी मोडली. तेव्हा डोळ्यांत पाणी नाही आलं. त्या दिवशीही येऊ दिलं नाही. परात ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर फडकं टाकलं.

आमची जात कोणती, ते मी लिहीत नाही. ज्यांना पाहिजे ते दारावरची पाटी वाचून घेतात, भिंतीवरचा फोटो पाहून घेतात. तोंडानं विचारत नाहीत. शिकलेले आहेत.

या स्कीमची वाढदिवसाची रीत सांगतो. ज्याच्या घरी वाढदिवस, त्याच्या घरच्या बाईनं स्वतः काहीतरी करायचं. आणि वाढताना म्हणायचं, “होममेड आहे हो.” पहिल्या मजल्यावरच्या बाईची पावभाजी. शेजारणीचे दहीवडे. मग बाकीच्या बोटं चाटून वाहवा करतात. ते फोटो फोनवर फिरतात. बाहेरून मागवलं तर नाक मुरडतात, हिला घरचं करायला काय झालं म्हणून.

आमची पाळी आली तेव्हा पहिल्या मजल्यावरचीनंच सुनबाईला गाठलं. “अगं, तू नोकरी करते, कशाला दगदग करते? बाहेरचंच आण ना. सीलबंद. मुलांना तेच आवडतं.” तीही नोकरीच करते. बँकेत. तिला दगदग होत नाही. सुनबाई काय समजायचं ते समजली आणि गुपचूप पुडे घेऊन आली. मला वाटलं, बाई भली दिसते, सुनेची काळजी करते. म्हणून मी म्हटलं, सुनेला वेळ नसेल तर मी करतो. वाढदिवस माझ्या नातीचा आहे. आलेलं लेकरू घरचं खाऊनच जाईल.

इतवारीच्या बाजारात आणि मग कळमन्याच्या बाजारात मी पोती वाहिली. साखर, रवा, मैदा, चण्याची डाळ. उन्हाळ्यात घामानं पाठ भिजायची आणि पाठीवरचं पोतंही भिजायचं. घामाला कुठं कळते की गोणपाटाच्या आत जायचं नाही. ती साखर कोणी परत पाठवल्याचं मी ऐकलं नाही. यांच्या बेकरीतला मैदा आजही कोणाच्या तरी पाठीवरूनच उतरतो. ज्यूसचा डबा कोण भरतो, वेफर कोण तळतो, पाहायला गेलं का कोणी? कारखान्यातला माणूस दिसत नाही, म्हणून तो चालतो. मी समोर उभा होतो. परात घेऊन. तेवढाच माझा गुन्हा.

लहानपणी कुहीकडच्या आमच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, नातवाचं बारसं झालं होतं. पंगत उठली, मग आम्हाला गोठ्यामागे बसवलं. बुंदी वरून टाकली, आम्ही ओंजळीत झेलली. पण तो मालगुजार तोंडावर सांगायचा, तुम्ही अमके, तुम्ही तिकडे बसा. त्याला शिवी तरी देता यायची, मनातल्या मनात का होईना. यांच्यात तेवढीही धमक नाही. हे आपल्या लेकरांच्या तोंडून बोलतात आणि स्वतः खाली सोफ्यावर बसून राहतात.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरची बाई आपल्या पोट्ट्याला न्यायला वर आली. जेल लावलेला तो तिचाच. मी दारातच विचारलं.

“बाई, आमच्या घरचं काहून नाई चालत लेकराईले?”

ती हसली. “अहो काका, तुम्ही पण काहीतरीच! हायजीनचं असतं हो. आजकाल इन्फेक्शन किती आहे.”

“मंग तुमची पावभाजी काय दवाखान्यात बनते?”

हसू गेलं. आवाज बदलला. “हे बघा काका, आम्ही जातपात काही मानत नाही. मानत असतो तर मुलांना तुमच्याकडे पाठवलंच नसतं.”

“जातीचं नाव म्या नाई काहाडलं, बाई. तुमी काहाडलं.”

तेवढ्यात माझा लेक आतून धावत आला. हा इंजिनियर. याच्या शिक्षणासाठी मी सुटीच्या दिवशीही ट्रक खाली केले. त्यानं बाईपुढे हात जोडले.

“सॉरी मॅडम. बाबांचं वय झालंय. मनावर घेऊ नका.”

बाईनं मनावर घेतलं नाही. मोठ्या मनाची बाई. पोट्ट्याच्या हातात रिटर्न गिफ्ट आहे की नाही तेवढं पाहिलं आणि गेली.

रात्रीचं जेवण कोणी धड केलं नाही. लेक माझ्यावर चढला.

“बाबा, तुमाले काय जाते बोलाले? मले इथं राहाचं आहे. तन्वीले त्याच पोट्ट्याईसंग व्हॅनमध्ये जाचं आहे.”

“मंग तन्वीले सांग ना, ते काहून खाऊन नाई राहिले ते.”

“लहान आहे ते. लहान लेकराच्या डोक्यात हे भरू नका.”

“ते खालचं पोट्टं केवढं आहे गा? त्याच्या मायनं भरलंच ना त्याच्या डोक्यात. आपुनच काहून लेकराले अंधारात ठेवाचं?”

लेक उठून गॅलरीत गेला.

उरलेल्या वड्या मी दुसऱ्या दिवशी खाल्ल्या. सुनबाईनंही खाल्ल्या, उभ्या उभ्या. तन्वीनं हात लावला नाही. ही पोट्टी कढईजवळ उभी राहून गरम वडी मागायची, तोंड भाजलं तरी थांबायची नाही. आता तिनं शाळेच्या डब्यात पोळी न्यायचं बंद केलं. “बिस्किटाचा पुडा द्या. फोडू नका, बंदच द्या,” असं आईला सांगायची. सुनबाई द्यायची. लेक म्हणायचा, लहान मुलांचे लाड असतात. हे लाड नव्हते. माझी नात आपल्या आईच्या हातची पोळी लपवायला शिकली होती. तिला कोणी काही समजावलं नव्हतं. तिनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं, की आपल्या घरच्या अन्नातच काहीतरी वाईट असेल.

खालच्या लोकांनी काय केलं, त्याचा राग एवढा नव्हता. हे पाहिलं आणि माझी झोप गेली.

मग त्या खालच्या पोट्ट्याचा वाढदिवस आला. या वेळी नवीन टूम. एकीनंच सगळं कशाला करायचं, प्रत्येक घरातून एकेक पदार्थ यावा. फोनवर वाटणी आली. सुनबाईनं वाचून दाखवली. एकीकडे ढोकळा. एकीकडे मटर कचोरी. एकीकडे गाजराचा हलवा. शेजारणीचे दहीवडे. सगळं घरी केलेलं पाहिजे, असं खाली मुद्दाम लिहिलं होतं.

“अन् आपल्याकडे?” मी विचारलं.

“कागदी प्लेटा. अन् पाण्याच्या बंद बाटल्या.” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सोपं काम दिलं, मामाजी.”

मी सदरा चढवला. लिफ्टची वाट पाहिली नाही, जिन्यानं उतरलो. बेल दाबली. दार उघडं झालं तर हॉलमध्ये तीन बायका बसलेल्या, याच वाढदिवसाची तयारी चाललेली. पहिल्या मजल्यावरची दारात उभी राहिली. “या ना काका,” म्हणाली, पण बाजूला सरकली नाही.

“आमच्या घरून सांबारवडी येईन. ते लिवा.”

“अहो काका, मेन्यू फायनल झालाय आता. आणि या वयात तुम्ही तळायला वगैरे कशाला...”

“तळून राहिलो तर म्या तळून राहिलो. तुमाले काय तरास?”

आतून एक जण बोलली, “काका, ॲडजस्ट करा ना थोडं. मुलांचा कार्यक्रम आहे.”

“जिंदगीभर ॲडजस्टच केलं, बाई. आता तुमी करा. आमच्या घरची परात तुमच्या टेबलावर ठेवा. कोनी नाई खाल्लं तरी चालते. ठेवा फक्त. नाई तर आमची पोट्टी येनार नाई, अन् प्लेटाही येनार नाईत.”

 एक फोनमध्ये पाहू लागली. एकीनं ओढणी नीट केली. बँकेतल्या नोकऱ्या, कॉलेजातल्या पदव्या, भिंतभर टीव्ही, आणि टेबलावर एक परात ठेवायची ताकद चौघींत मिळून नव्हती. मला त्यांची कीव नाही आली. किळस आली.

“तुमची मर्जी, काका,” पहिल्या मजल्यावरची म्हणाली. दार हळूच लावलं. मोठी सभ्य बाई.

वर आलो. तन्वीला गॅलरीत घेऊन बसलो. लेक ओरडला, “बाबा, नका सांगू!” मी सांगितलं. गोष्ट करून नाही सांगितलं. फुलं-पाखरं लावून नाही सांगितलं.

“तन्वी, त्याईले आपली जात हलकी वाटते. म्हनून ते आपल्या हातचं खात नाईत.”

तिनं आपले हात पाहिले. “पण मी हात धुते ना, आबाजी.”

“धुतले तरी नाई.”

“मग काय केलं की खातील?”

“काईच नाई कराचं. आपन काईच वाईट केलं नाई. आपल्या घरचं अन्न चांगलं आहे. खोट त्याईच्यात आहे.”

 मला वाटलं समजली. मग म्हणाली, “पण मला जायचं आहे. तिथं जादूवाला येणार आहे.”

“नाई जाचं.”

रडली. मला मारलं. “तुम्ही वाईट आहात, आबाजी,” म्हणाली. मी मार खाल्ला. चॉकलेट आणलं नाही, बाजारात फिरवायला नेलं नाही. अपमानावर चॉकलेट दिलं की लेकरू अपमान गिळायला शिकते.

वाढदिवसाच्या दिवशी खालून गाणी वर येत होती. जादूवाल्यासाठी टाळ्या वाजत होत्या. तन्वी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण जागी होती. लेक माझ्याशी अजून बोलत नाही. सुनबाई बोलते, पण मोजकं. शेजारीण लिफ्टमध्ये मला पाहून फोन कानाला लावते. लावू दे.

कोणी म्हणतात, म्हातारा हट्टी आहे, नातीचे मित्र तोडले. जे मित्र आईला विचारून तोंड उघडतात, ते तुटले तर तुटले. कोणी म्हणतात, काळ बदलतो, हळूहळू होईल. माझ्या बापाला हेच सांगितलं होतं, मला हेच सांगितलं. आता माझ्या नातीला हे सांगायला कोणी माझ्या दारात येऊ नये.

या घरात आता पाहुण्याच्या समाधानासाठी बंद पुडा फुटणार नाही. जो येईल, मोठा असो की लहान, त्याच्यापुढे घरच्या अन्नाचं ताट येईल. खाईल तो बसेल. नाही खाणार त्याला मी स्वतः दार उघडून देईन. आणि ज्या घरी आमचं अन्न जात नाही, त्या घरी आमचं लेकरू जाणार नाही. मी आहे तोवर नाही. मी गेल्यावर जायचं की नाही, ते तन्वीनं ठरवावं. पण तेव्हा ती सगळं माहीत असून ठरवेल.