मुळी धरली का बघणारा दा बेलैद

आमच्या आणि दा बेलैदच्या परसामध्ये छातीएवढी दगडी भिंत आहे. त्या फेब्रुवारीत मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी असली की सकाळी भिंतीपलीकडून मला ठरलेलं बोलणं ऐकू यायचं.

"अहो, काय करताय?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"मुळी धरलीय का ते."

"धरली असली तरी आता तुटली असेल."

हे लल्ला ताउसचं बोलणं. ती त्याची बायको. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला दा म्हणतात, बाईला लल्ला. एवढं बोलून ती आत जायची. दा बेलैद उपटलेली काडी उन्हाकडे धरून खालून-वरून बघायचा, परत मातीत खुपसायचा, वर पाणी ओतायचा आणि शेजारची काडी उपटायचा. अशा चाळीस काड्या होत्या.

झाड त्याच्या आईने लावलेलं, काळ्या अंजिराचं. जानेवारीत बर्फ पडलं तेव्हा त्याची मधली फांदी खोडापासून फाटली आणि आत खोड पोकळ निघालं. दा बेलैदने सकाळी ते पाहिलं आणि दुपारपर्यंत ठरवून टाकलं की या एका झाडाची चाळीस झाडं करायची. लल्ला ताउस म्हणाली, चार लावा, दोन जगतील, तेवढी पुरेत. पण चार काड्या लावून गप्प बसणं त्याच्या अंगात नव्हतं. गप्प बसणंच नव्हतं.

तो माझ्या आईचा चुलतभाऊ. एकोणिसाव्या वर्षी फ्रान्सला गेला, लियोंच्या बाहेर मोटारींच्या कारखान्यात दरवाजे रंगवायला लागला आणि साठाव्या वर्षी, त्या हिवाळ्याच्या तोंडावर, परत आला. एक्केचाळीस वर्षं. दर वर्षी ऑगस्टमध्ये एक महिना तो गावी यायचा. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं, म्हणजे संसार पस्तीस वर्षांचा, पण दोघं एका घरात राहिल्याचे महिनेही पस्तीसच. ऑगस्टमध्ये आमच्या डोंगरातल्या गावात, इघिल अझ्रूत, लग्नं असतात, सगळे आंघोळ करून नवे कपडे घालून फिरतात आणि अंजिरं पिकलेली असतात. त्याने गाव पाहिलं ते असं. अंजिराचं झाड हिवाळ्यात नुसत्या काटक्यांसारखं दिसतं, जूनमध्ये त्याच्यामागे किती धावावं लागतं, हे त्याने लहानपणी पाहिलं असेल, पण ते कधीच पुसून गेलं होतं. बायको हिवाळाभर खोकते हेसुद्धा त्याला परत आल्यावर कळलं. त्याने घाबरून मला बोलावून आणलं, तर ती म्हणाली, "हा दर वर्षीचा आहे. एप्रिलमध्ये जातो."

परत आल्यापासून त्याचा पाय ठरत नव्हता. सकाळी आठच्या बसला तो उतारावर जाऊन उभा राहायचा. कोणाला आणायला नाही, कुठे जायलाही नाही. बस आली, माणसं उतरली, की हा परत. चहाच्या दुकानात डाव अर्धा टाकून उठायचा. पोरं नव्हे, चांगली पिकलेली माणसं त्याला टोचायची, "बेलैद, खाली बस. कारखान्याचा पट्टा बंद झालाय, पुढचा दरवाजा येत नाही आता." तो हसायचा आणि तरी उठायचाच.

मार्चअखेर काड्या काळ्या पडायला लागल्या. बोटाने दाबलं की साल सरकायची. पाणीही जास्त आणि उपटणंही रोजचं. दा बेलैदने माती बदलली, डबे बदलले, खत घातलं. एप्रिलमध्ये एकही काडी हिरवी राहिली नाही. दोन दिवस तो परसात फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरून आमच्या परसात डोकावलं. माझी आई कोंबड्यांना दाणे टाकत होती. जळणाच्या ढिगामागे, सावलीत, तीन काड्या तिरप्या रोवलेल्या होत्या. जमिनीवर दोन-दोन डोळे, बाकी सगळं मातीत. आणि त्या डोळ्यांना मुठीसारखी मिटलेली पानं आलेली.

"हे माझ्या झाडाचं पान आहे," दा बेलैद म्हणाला.

"आमच्या परसात आहे म्हणजे आमचं," आई म्हणाली.

"कोणी आणलं इथं?"

"ज्याला तुझा स्वभाव माहीत आहे त्याने."

त्याला कळायला वेळ लागला नाही. लल्ला ताउसने पहिल्याच दिवशी त्याच्या भाऱ्यातल्या तीन काड्या काढून आईकडे दिल्या होत्या. मला वाटलं, आता पलीकडे भांडण होणार. भांडण झालं नाही. पण त्या दिवसापासून तो दिवसातून तीन-चारदा भिंतीशी यायचा आणि आई हातात झाडू घेऊन त्या काड्यांजवळ बसायची.

"लांबून बघ."

"लांबूनच बघतोय."

"हात भिंतीच्या आत घे."

मे महिन्यात अल्जीयर्सहून फोन आला. त्यांची एकुलती मुलगी फेरूजा गरोदर होती, सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं. लल्ला ताउसने जायचं ठरवलं. पस्तीस वर्षांत ती घर सोडून चार दिवसांवर कुठे राहिली नव्हती. जाण्याआधी तिने नवऱ्याला झाडाखाली उभं केलं. मी पिशवी न्यायला गेलो होतो, म्हणून मलाही ऐकावं लागलं.

"हे बघा. आज फळ वाटाण्याएवढं आहे. लहान बोराएवढं झालं की दोकार लागेल. दहा दिवस जातील. दहा दिवस झाले की वर तिगमाउनला नुआराकडे जा. तिला माझं नाव सांगा. त्याआधी जाऊ नका, तिची फळं तयार नसतात."

दोकार म्हणजे नर अंजिराची फळं. ती खायची नसतात, त्यांच्या पोटात चिलटं असतात. ती फळं माळेत ओवून घरच्या झाडाला टांगायची, मग चिलटं बाहेर पडून कोवळ्या अंजिरात शिरतात आणि फळ धरतं. नाही टांगली तर जुलैत सगळं झाडाखाली सांडतं.

"दहा दिवस," दा बेलैद म्हणाला.

"मोजा," ती म्हणाली आणि बसमध्ये बसली.

चौथ्या दिवशी तो बाजारातून दोकारच्या सहा माळा घेऊन आला. मी म्हटलं, "दा, लल्ला दहा दिवस म्हणाली होती ना?" तर म्हणाला, "झाडाला कॅलेंडर कळतं काय? बाजारात आलंय म्हणजे वेळ झालीय." शिडी लावून त्याने माळा बांधल्या. संध्याकाळी फोनवर बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी ओट्यावरच होतो, फोन स्पीकरवर होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "एक फळ तोडा."

"तोडलं."

"तोंडाशी भोक आहे?"

"आहे."

"फोडा. आत काय आहे?"

"भुसा."

"चिलट?"

त्याने फळ माझ्याकडे दिलं. मी मान हलवली. "नाही," तो म्हणाला.

"खालच्या मैदानातला माल आहे तो. तिकडे लवकर तयार होतो. बाजारात यायच्या आधीच चिलटं उडाली. तुम्ही झाडाला टरफलं बांधलीत."

त्याने फोन ठेवला आणि उभ्या उभ्या सहाही माळा ओढून काढल्या. चीक लागून त्याचे हात रात्रीपर्यंत खाजत होते, आई त्यावर जैतुनाचं तेल चोळायला गेली तर ते लावून घ्यायलाही तो बसेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो माझ्या दारात. "गाडी काढ. तिगमाउनला जाऊ."

"आज पाचवा दिवस आहे, दा."

"बघून तर येऊ."

गाडी अर्ध्या चढापर्यंतच जाते. पुढे दगडी पायवाट, दोन ओढे, मग ओकची झाडी. वर पोचायला आम्हाला दीड तास लागला आणि दा बेलैद तीनदा थांबून छातीवर हात ठेवून उभा राहिला. नुआरा सत्तरीची, वाळलेली, कमरेला लाल पट्ट्यांचं फडकं बांधलेली बाई. दारात बसून ती घोंगडीसाठी लोकर कातत होती. तिने उठून आम्हाला 'या' म्हटलं नाही.

"मी ताउसचा माणूस," दा बेलैद म्हणाला.

नुआराने चाती थांबवली. "फ्रान्सवाला?"

"हो."

"म्हणजे आहेस तर. तीस वर्षं ऐकतेय, माझा माणूस ऑगस्टला येतो, माझा माणूस ऑगस्टला येतो. मला वाटलं, बिचारी मनाचं समाधान करते."

मला हसू आलं. दा बेलैदला आलं नाही. त्याने विचारलं, "ती दर वर्षी इथं येते? कशी येते?"

"कशी म्हणजे? पायांनी. तुझ्या गावातून इथवर. अंधारात निघते, ऊन चढायच्या आत परत पोचते, नाहीतर चिलटं वाटेतच उडून जातील. आठवड्याच्या अंतराने दोनदा येते. पोरीच्या वेळी पोट एवढं पुढे होतं, तेव्हाही आली. मी शिव्या घातल्या, तर म्हणाली, ऑगस्टला तो आला की झाडावर फळ नको का?"

दा बेलैद बाहेरच्या दगडावर बसला. त्याला इतका वेळ बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"फेरूजा ऑगस्टमध्येच झाली," तो मला म्हणाला. "मी आलो तेव्हा ती आठ दिवसांची होती. मी अंगणात बसून अंजिरं खाल्ली होती."

नुआराने आम्हाला ताक आणि रोटी दिली, झाड दाखवलं. फळ अजून टणक होतं. तिने एक फोडलं. आत चिलटं होती, पण फिकी, न हलणारी. "पाच दिवसांनी ये," ती म्हणाली.

"मी इथंच थांबतो," दा बेलैद म्हणाला.

"पाच दिवस?"

"खाली गेलो तर मी पुन्हा काहीतरी करून ठेवीन."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मशिदीला लागून पाहुण्यांची खोली आहे तिची किल्ली कोणाकडे असते ते सांगितलं. मी एकटाच परत आलो. आईने ऐकून कपाळाला हात लावला. लल्ला ताउसला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "जेवायला काय घालते नुआरा त्याला?"

नुआराने नंतर सांगितलं की तो दिवसभर हिंडायचा. तिच्या शेताचा पडका बांध त्याने रचला, नीट नाही जमला तर पाडून पुन्हा रचला. दर दोन तासांनी झाडाशी जायचा. पण फळाला हात लावत नव्हता. हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता तो पायवाटेने उतरला. पाठीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टोपली, चेहरा राखेसारखा. मी अर्ध्या चढावर गाडी घेऊन उभाच होतो. घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर यायला लागलं होतं. आईने फळं ओवली, मी शिडी धरली, तो बांधत गेला. काळी चिलटं फळांच्या तोंडातून निघून त्याच्या मनगटावर चालत होती. खालच्या फांद्या झाल्या, मधल्या झाल्या. शेंड्याकडे त्याला चढवेना. मी चढतो म्हटलं तर पोकळ खोडाला माझं वजन पेलणार नाही म्हणाला. वरचं तसंच राहिलं.

शिडीवरूनच, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "मोक्रान, लियोंला असताना जून आला की मनात यायचं, आता ही काय करत असेल. मला वाटायचं, बसली असेल. ऑगस्टची वाट बघत बसली असेल."

मी शिडी तेवढी घट्ट धरली.

आठवड्याने तो पुन्हा वर गेला, एकटा, पायी. परत आला तो दोन दिवस झोपून होता.

जुलैच्या मध्याला फेरूजाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. लल्ला ताउस महिनाअखेरीस परत आली. बसमधून उतरली ती पिशवीसकट आधी परसात गेली. शेंड्याची फळं पिवळी पडून खाली सांडली होती, तिने झाडू घेऊन ती बाजूला केली. मग फांद्या एकेक करून बघितल्या. दा बेलैद तिच्या मागे-पुढे करत होता.

"निम्मी गेली," तो म्हणाला.

"निम्मी राहिली," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या वर्षी एकही राहिलं नव्हतं. तुमची आई मला आठ दिवस घालूनपाडून बोलत होती."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"ऑगस्टमध्ये कोण असलं बोलतं?"

त्या ऑगस्टमध्ये त्याने कमी अंजिरं खाल्ली. बरीचशी वेताच्या जाळीवर वाळत घातली आणि पहिला डबा भरून तिगमाउनला पोचवून आला. सप्टेंबरमध्ये मात्र लियोंला कागदपत्रांचं काम आहे म्हणून त्याने बॅग भरली. दर वर्षी भरायचा तशी. तीन आठवड्यांचं म्हणून गेला, दहा दिवसांत परत. काम झालं नाही, म्हणाला. तिथे कोणी ओळखीचं उरलं नाही, असंही एकदा म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी आठच्या बसला तो उतारावर उभा होता.

आईने त्या तीन रोपांमधली दोन त्याला हिवाळ्यात परत दिली, एक ठेवून घेतलं. लावताना खड्डा लल्ला ताउसने खणला, आळं तिने केलं. त्याला तिने फक्त दगड आणून द्यायला लावले.

यंदाच्या जूनमध्ये दोघं मिळून नुआराकडे गेली. मी गाडीने सोडतो म्हटलं, तर लल्ला ताउसने नको म्हणून सांगितलं, तिला पायी जायची सवय. पुरतं उजाडायच्या आत मी अंगणात तोंड धूत होतो. ती आपल्या नेहमीच्या चालीने पायवाट चढत होती, डोक्यावर रिकामी टोपली. दा बेलैद तीस पावलं पुढे जायचा, थांबायचा, परत तिच्यापर्यंत यायचा, पुन्हा पुढे जायचा. तिचा आवाज वरून स्पष्ट ऐकू आला.

"पुढे जाऊन काय करणार आहात? नुआरा अजून उठलीही नसेल."