शमशादताईंनी अडवलेली टाकी

माझ्या टेम्पोत भंगार असतं असं कुणी म्हटलं की शमशादताई त्याच्यावर डाफरतात. "भंगार न्हाई, कंप्रेसर म्हना." नगरच्या एमआयडीसीमागं त्यांचं पत्र्याचं शेड आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतले, गॅरेजांतले हवेचे जुने, दणकट कंप्रेसर विकत घ्यायचे, खोलून नीट करायचे आणि चालते करून विकायचे, हा त्यांचा धंदा. तो त्यांनी वडिलांकडून, अल्लाबक्ष मिस्त्रींकडून उचलला. वाहतूक माझी, आणि शिव्याही मीच खातो.

त्यांची खरेदी बघण्यासारखी असते. नेवाशाच्या एका बंद गिरणीत मालक मशीनची तारीफ करत होता आणि बाई ऐकतच नव्हत्या. त्यांनी पट्टा काढला, चाक हातानं फिरवलं आणि हवा बाहेर पडते त्या भोकावर अंगठा दाबून धरला. अंगठा मागं ढकलला गेला. "बीडाचं, वतीव लोखंडाचं हेड हाय, तुमाला मला पुरून उरंल," म्हणाल्या आणि मला दोरखंड आणायला पिटाळलं. आजकालची हलकी मशीनं त्यांना बघवत नाहीत. माझ्या कंबरेला मात्र ती फार आवडतात.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर कर्जतचा कारभारी नावाचा एक जण आला. त्याचं रस्त्याकडेला टायरचं दुकान. वडिलांनी घेतलेला कंप्रेसर आता हवा धरेना. "खंडेनवमीला पूजेत पायजे, ताई. काय बी बदला, पर टाकी तीच ठेवा. टाकी गेली तर बापाचं काय ऱ्हायलं?"

आमच्याकडं खंडेनवमीला मशीन धुतात, ऑइलपेंट मारतात, हळदकुंकू वाहतात. कारभारीला ही हौस जरा जास्तच. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल, असे दरवर्षीचे थर. ताई रंग खरवडता खरवडता थांबल्या. दाब वाढला की आपोआप हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह रंगात पार गाडला गेला होता. त्याची कडी ओढली तर हलेना. म्हणजे इतकी वर्षं पूजा करून करून यांनी मशीनचं नाकच बुजवलं होतं! मला तर असा राग आला की कारभारीलाच रंगवावं. व्हॉल्व्ह बदलता आला असता, पण टाकीचं पोटही आतून गंजून पातळ झालं होतं.

"ही टाकी मी जोडून द्यायची न्हाई," ताईंनी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारभारी तणतणत हजर.

"माझी वस्तू हाय! आजवर फुटली न्हाई, ती आताच फुटंल व्हय?"

"मंग तुमच्यासमोरच बघू," ताई म्हणाल्या.

त्यांनी टाकी काठोकाठ पाण्यानं भरली. हवेनं फुटली तर पत्रा माणसाला चिरत जातो, पाण्यानं फुटली तर नुसती गळते. मग त्या हातपंपानं दाब चढवू लागल्या. कारभारी हाताची घडी घालून उभा. काटा त्याच्या दुकानातल्या रोजच्या दाबापर्यंतही गेला नव्हता, तोच टाकीच्या पोटाला बोटभर चीर पडली आणि पाण्याची धार थेट त्याच्या अंगावर आली.

तो बाजूला सरला नाही. भिजत तसाच उभा राहिला.

"ज्योती," तो म्हणाला, "माझी पोरगी, ताई. थंडीच्या दिसांत ह्या टाकीला पाठ लावून अभ्यासाला बसती. ऊब लागती म्हनून."

मला पुढं बघवेना. ताईंनीही तोंड फिरवलं आणि कोपऱ्यातली नवी टाकी दाखवायला निघाल्या. कारभारीनं त्यांना अडवलं.

"आधी ही कापा. भंगारातनं उचलून दुसऱ्या कुनी जोडाया नको."

ताईंनी पाणी सोडून दिलं आणि गॅसकटर पेटवला. टाकी हलू नये म्हणून तिचं दुसरं टोक कारभारी स्वतः धरून बसला.