साक्षीला आई

आमच्या घरात एकाच्याही अंगावर त्याच्या मापाने शिवलेला कपडा नव्हता. आई बोहारीण होती. स्टीलच्या भांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन नांदेडच्या गल्ल्यांतून फिरायची, जुन्या साड्या-पँटींच्या बदल्यात डबे-पातेली द्यायची. वडील धान्याच्या मोंढ्यात पोती वाहता वाहता कंबर मोडून घरी बसलेले. खोली एक, आणि तिच्यात आम्ही पाच जण व लोकांच्या कपड्यांची गाठोडी. आम्ही झोपायचो ते गाठोड्यांवरच. कपडे धुवून, बटणं लावून तयार झाले की आई ते रेल्वेने हैदराबादला नेऊन विकायची.

ते हैदराबाद मी यंदा पहिल्यांदा पाहिलं. मी आईला नेतेय असं सगळ्यांना सांगत होते. काचीगुडा स्टेशनात उतरल्यावर कळलं की आईच मला घेऊन आली आहे.

"कां जाना अम्मा?" रिक्षावाल्याने विचारलं आणि भाडं सांगितलं.

"इत्ता? हम नए दिखरे क्या तुमकू?" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मीटर नै तो हमना नक्को तुम्हारी गाड़ी."

"बैठो अम्मा, बैठो. सुबे सुबे नक्को लड़ो."

मी बघतच राहिले. घरात चार वाक्यांवर न जाणारी माझी आई इथे फडाफडा दखनी बोलत होती. तिने मला एका लहानशा हॉटेलात नेलं आणि न विचारताच खिचडी-खट्टा (मसुरीची पिवळी खिचडी आणि तिच्यावर चिंच-तिळाचं पातळ सार) मागवलं. मी मऊ खिचडी आजाऱ्याची समजत आले. इथे सगळं शहर सकाळी तीच खाऊन कामाला लागतं. खट्टा ओतताना तो माझ्या नव्या ओढणीवर सांडला. "पाणी लावू नको, चोळशील तर बसंल," आई म्हणाली. डागांबाबत मी तिच्याशी वाद घालत नाही.

आम्ही आलो होतो मृणालच्या बोलावण्यावरून. मृणाल माझी मैत्रीण, मूळची पुण्याची, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती आणि तिची मंडळी बरकतपुऱ्यातल्या एका सभागृहात मराठी माणसं जमवतात. जिच्यामुळे आपलं आयुष्य वळलं ती खरी गोष्ट उभं राहून सांगायची. नियम एकच. तेव्हा तिथे हजर असलेलं माणूस साक्षीला आणायचं. सांगणारा घसरला की साक्षीदाराने हात वर करून म्हणायचं, "असं नव्हतं."

माझी साक्षीदार आई.

दुपारी ती मला मलकपेठेत घेऊन गेली. रेसकोर्सच्या मागच्या बाजूला एका गल्लीत तिचा व्यापारी बसायचा. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. आई समोरच्या पायरीवर टेकली.

"रंजे, संध्याकाळी टोपलीचं काढू नको."

"मग काय सांगू?"

"कापडाचा धंदा होता म्हण. खोटं थोडंच हाय?"

"आई, अगं गोष्टच ती आहे."

"तुला काय जातंय बोलायला! तिथं येणाऱ्या असल्याच बायकांच्या दारात उभी राहिले मी. डबा वाजवून घ्यायच्या अन् पाणी पायरीखाली द्यायच्या. त्यांच्याच पुढं मला बसवून सांगायलीस व्हय?"

मी कबूल झाले. पण जीव खट्टू झाला. टोपली काढली तर माझ्या गोष्टीत उरतं काय?

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. जामबागेतल्या, तीन-चार पिढ्या इथल्याच म्हाताऱ्या बायका पुढे, तरुण मुलं मागे. पहिले एक निवृत्त काका उठले. "मी राजीनामा साहेबाच्या टेबलावर फेकला!"

काकूंचा हात वर. "असं नव्हतं. पोस्टाने पाठवला. तिकीट मी चिकटवलं."

सगळे खो खो हसले. आईसुद्धा हसली. मग माझं नाव आलं.

मी सांगितलं, आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बारावीनंतर मीही घरीच बसणार होते. "आमचा कापडाचा लहानसा धंदा होता," मी म्हणाले. माझंच बोलणं मला पोकळ वाटलं. "एके दिवशी आईने दुकानातून बी.कॉम.ची पुस्तकं विकत आणली आणि..."

आईचा हात वर होता.

"असं नव्हतं," ती उभी राहिली. "विकत कुठली? अन् धंदा कसला? मी बोहारीण हाय. टोपलीवाली."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"एका बाईच्या दारात साड्या बघायले होते. कोपऱ्यात पुस्तकं बांधून ठेवलेली, रद्दीला. मी म्हणलं, साड्या ऱ्हाऊ द्या, ती द्या. सगळ्यात मोठा झाकणाचा डबा दिला. ती बाई म्हणती, तुला वाचता येतं का? म्हणलं, डबा मला कुठं खाता येतो? तरी इकतेच की!"

पुढच्या रांगेतली एक आजी हसता हसता डोळे पुसू लागली. मागून एका मुलीने विचारलं, "आंटी, बुक्स कौनसे हैं, आपको कैसे मालूम हुआ?"

"नै मालूम हुआ ना, बेटा! जाड दिखरे थे, उठा ली. घर कू आको ये बोली, अम्मा, ये तो कॉमर्स के हैं. इसकू मास्तरनी होना था."

"मग?" आजींनी विचारलं.

"मग काय! पुस्तकं आल्ती त्याचीच परीक्षा दिली तिनं."

टाळ्या थांबेनात. त्या माझ्या नव्हत्या, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आजींनी आईला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवून घेतलं आणि स्वतः उठून पाणी आणून दिलं. आई ते सावकाश प्याली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तूच नको म्हणाली होतीस ना?"

"तू पुस्तकं दुकानातून विकत आणली म्हणलीस तवा डोकं फिरलं माझं. विकत घेणाऱ्याची पोरगी शिकली, त्यात काय नवल हाय? मग मी केलं ते काय?"

इतकी वर्षं मला वाटायचं, टोपली लपवणं म्हणजे आईची लाज राखणं. त्यात तिची कमाईही लपत होती, हे मला पदवी घेऊनही कळलं नव्हतं.

आई आता फेरीला जात नाही. मी नांदेडच्या एका पतसंस्थेत हिशेब तपासनीस आहे, धाकटी बहीण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी बोहारणीची मुलगी, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर.