एक लाल ठिपका

उस्मानपुऱ्यातल्या कोपऱ्यावरचा म्हातारा दुकानदार अजूनही प्रत्येक अंडं दिव्यासमोर धरून पाहतो. काल त्याच्या बोटांमधून झिरपणारा तो नारिंगी उजेड दिसला आणि मी पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. आपा आठवल्या.

कॉलेजात त्या आम्हाला गर्भविज्ञान शिकवायच्या. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांची भावंडं एकेक करून सरहद्दीपार गेली. त्या मात्र इथंच राहिल्या, एकट्या. मी खुलताबादेकडच्या माळकरी शेतकऱ्याची मुलगी. अंड्याला हात लावायचीही मला किळस. त्यांनी उबवायला ठेवलेल्या अंड्याचं कवच कात्रीनं हळुवार कापून चिमुकली खिडकी केली आणि म्हणाल्या, "बघ बेटा. अजून चोच नाही, पंख नाहीत. पण दिल पहले." पिवळ्या बलकावर, केसाएवढ्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात एक लाल ठिपका धडधडत होता. कोणाच्या भरवशावर, कोण जाणे.

लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यातच सारं संपलं. सासूबाई मायेनंच म्हणाल्या, "काय नव्हतं गं त्यात. नुसता गोळा. लई मनाला लावून घेऊ नको." घरात सगळे तसंच बोलत. जे नव्हतंच, त्यासाठी रडायचं कसं? मी भाकरी थापत राहिले, पाणी भरत राहिले आणि आतून गोठत गेले.

कुणाकडून तरी कळलं म्हणून एक दिवस आपा एस.टी.नं सासरी आल्या. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुला शिकवलंय मी. ठोका सुरू झाला होता. होतं ते, बेटा. रड."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, पोटातल्या त्या रिकाम्या जागेपासून रडले.

निघताना मी म्हटलं, "आज राहा ना, आपा."

"अंडी उबवायला ठेवलीत. फिरवली नाहीत तर गर्भ कवचाला चिकटतो," त्या म्हणाल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. त्यांची वाट पाहणारं घरी तेवढंच होतं.

पुढं मला दोन मुलं झाली, वाढली, दूरदेशी गेली. आपा गेल्याचं कळलं, ते दफन होऊन कितीतरी दिवसांनी. त्यांच्यासाठी कोण रडलं, ठाऊक नाही. माझ्या त्या पहिल्या बाळाला नाव नाही, चेहरा नाही. पण ते खरंच होतं, हे जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आता मला एकटीला.