जांघेतलं अवधान

पायाला काही लागलं की जांघेत गाठ येते. तिला आमच्याकडं अवधान म्हणतात, आणि ते आलं की सगळे आधी पायच बघतात. माझ्या नवऱ्याचं काम एमआयडीसीत, सळयांच्या भट्टीपाशी. यांच्या पायाला चटका नाही असा दिवस विरळाच. म्हणून गाठ आली तशी मी घोट्यावरच्या चटक्याला हळद लावली आणि विषय संपवला.

चटका बरा झाला. गाठ मात्र वाढतच गेली. मी चिडले, "दुसरीकडं कुठंतरी लागलंय, लपवून राह्यलात तुम्ही!"

"लागलंच न्हाई तर दाखवू काय?"

तरी मी यांचे तळवे चाचपून काटा शोधला.

मग दवाखान्यात दाखवलं, गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या गाठीत असतात. त्याच बिघडल्यात. हा त्यांचाच कॅन्सर आहे."

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "पण डॉक्टर, जखम कुठंय?"

हे खाली वाकून बूट काढायला लागले.